पाकोळीचे पाय

१

त्या घरात एक पान चार जणांच्या हातून जायचं. आधी बाबा, मग ताई, मग आई आणि सगळ्यांत शेवटी बारकी.

सकाळी बाबा जाड पांढऱ्या कागदावर चौकटी आखायचे आणि त्यांत पेन्सिलीने पाकोळीला उडवायचे. ताई पलंगावर उशांना टेकून, मांडीवर फळी घेऊन, पाकोळीच्या मागची खोली काढायची. दारं, खिडक्या, जिने, कोपऱ्यातला अंधार. दुपारी आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून पेन्सिलीवरून काळी शाई फिरवायची. शाई वाळली की शाळेतून आलेली बारकी खोडरबर घेऊन बसायची आणि शाईखाली राहिलेली पेन्सिल पुसून टाकायची. ती पुसली नाही तर छापल्यावर पान मळकं दिसतं.

"खरं काम तुझं," बाबा बारकीला म्हणायचे. "आम्ही सगळे पसारा करणार, तू तो आवरणार."

"चला, घरात एकीला तरी आवरता येतं," आई आतून म्हणायची.

पाकोळी ही त्यांच्या चित्रकथेची नायिका. दर महिन्याला तिचा एक अंक निघायचा. तिच्या पाठीवर मोठे तपकिरी पंख होते आणि कमरेला एक कंदील. जिथे रिकाम्या खोलीतून पावलं वाजतात, जिथे आरसा एक माणूस जास्त दाखवतो, तिथे तिला बोलावणं यायचं. पण पाकोळी कुणाला मारायची नाही, जाळायची नाही. त्या अंधारासमोर कंदील धरून ती एवढंच विचारायची, "तुझं काय राहिलंय?" आणि ज्याचं जे राहिलं असेल ते पुरं करून द्यायची. वाचक पोरं हे वाक्य एकमेकांना डब्यातला घास मागतानासुद्धा म्हणायची.

पाकोळी ताईची कल्पना होती. ताई लहान असताना तिला मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना पायांतलं बळ घेऊन गेला. तेव्हापासून पलंग हेच तिचं घर, अंगण आणि शाळा. पाकोळी नावाचा एक इवलासा पक्षी असतो, तो म्हणे जमिनीवर उतरतच नाही; उतरला तर पुन्हा उडणं त्याला जड जातं. हे कुठेतरी वाचून ताईने बाबांना नायिका दिली आणि सोबत एक नियम दिला. पाकोळीचे पाय जमिनीला कधी टेकवायचे नाहीत. पाय आणि सावली यांच्यामध्ये बोटभर तरी जागा हवीच.

आणखी एक गोष्ट फक्त घरच्यांना ठाऊक होती. पाकोळीच्या गोष्टीतल्या सगळ्या खोल्या खालून पाहिल्यासारख्या दिसायच्या. टेबलाची खालची बाजू, छताचे कोपरे, वर वर गेलेली दारं. वाचकांना वाटायचं, भीती वाटावी म्हणून केलेली ही युक्ती आहे. युक्ती कसली, ती ताईची उशी होती.

२

मागच्या वर्षी साध्या सर्दीचं निमित्त झालं आणि ताई गेली. भर दुपारी, अंकाचं काम अगदी गळ्याशी आलेलं असताना. बारकी शाळेत होती.

नंतर आईने ताईच्या खोलीला बाहेरून कडी घातली. ताईच्या उशाशी एक पितळी घंटा असायची, पाणी हवं असेल, कूस बदलायची असेल तर ती वाजवायची. ती घंटा आईने त्या कडीलाच बांधून टाकली. का, ते कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

कागद ठेवायचं स्टूल ताईच्या पलंगाशी असायचं, ते आता बंद दाराबाहेर आलं. खरं तर बाबांनी पान थेट आईच्या हातात दिलं असतं तरी चाललं असतं. मागच्या खोल्याही आता तेच काढत होते, ताईसारख्याच, खालून पाहिलेल्या. पण इतक्या वर्षांची पायांची सवय. सकाळचं काम झालं की बाबा उठायचे, बोळातून चालत यायचे आणि पान त्या स्टुलावर ठेवून निघून जायचे. जेवणं झाली की आई ते तिथून उचलायची. मधले दोन-तीन तास पान ताईच्या दाराशी पडून असायचं, तिची वाट पाहत असल्यासारखं.

मग एक दिवस संपादककाकांचा फोन आला. बाबांनी तो ऐकला, "हं," म्हणाले, आणखी एकदा "हं," म्हणाले आणि खाली ठेवला.

"पुढचा अंक शेवटचा," ते म्हणाले. "पोरं आता वाचत नाहीत म्हणे. त्यांचं तरी काय चुकलं?"

आईने ब्रश धुतला. पाणी काळं झालं तरी ती धूतच राहिली.

बारकीला एवढंच कळलं की हा अंक संपला की घरात पान फिरणार नाही. बाबांना बोळातून यायचं कारण उरणार नाही. स्टुलावर कुणीतरी धुतलेले कपडे ठेवील. ताईची म्हणून जी एक जागा अजून चालू होती, तीही बंद होईल.

शेवटच्या अंकाची गोष्ट साधी होती. एका घरातल्या बंद खोलीतून आवाज येतो, पाकोळी तो शोधते आणि शेवटच्या पानावर खिडकीतून उडून कायमची निघून जाते. बाबांनी सगळी पानं मनात मांडली. फक्त ते शेवटचं पान म्हटलं की ते पेन्सिलीला टोक काढत बसायचे. पेन्सिल संपत आली तरी टोक काढणं संपत नसे.

३

पहिलं चुकलेलं पान बारकीच्या हातात आलं तेव्हा तिला ते चुकलेलं आहे हेही लगेच कळलं नाही.

ती नेहमीसारखी वरच्या कोपऱ्यातून खोडत खाली येत होती. शेवटच्या चौकटीत पाकोळी एका लांबट बोळात होती. काहीतरी वेगळं होतं. बारकीने हात थांबवला, पान दूर धरलं, आणि मग दिसलं.

पाकोळी उभी होती.

दोन्ही पाय फरशीवर. अंगठे थोडे आत वळलेले, गुडघे जरासे वाकलेले, एक हात भिंतीला. बाळ पहिल्यांदा उभं राहतं तसं. पंख दोन्ही बाजूंना ओल्या चादरीसारखे लोंबत होते.

बारकीला वाटलं, शेवटचा अंक आहे म्हणून बाबांनी नियम मोडला असेल. मोडणारच, शेवटी सगळेच मोडतात. तिने पुन्हा खोडरबर चालवला. शाईखालची पेन्सिल धूसर होत गेली आणि पुरती जाण्याआधी तिला सावलीतल्या रेघा दिसल्या. बाबांच्या रेघा उजवीकडे झुकतात. या डावीकडे झुकलेल्या होत्या.

घरात डावखुरी फक्त ताई होती.

पण तोवर बारकीच्या हाताने त्या पुसूनही टाकल्या होत्या. हाताला सवय होती, तो डोळ्यांच्या पुढे धावायचा.

४

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना ती बोळात थांबली. बाबांचं ताजं पान स्टुलावर होतं. त्यात पाकोळी रीतसर उडत होती, पाय आणि सावली यांच्यात बोटभर जागा. संध्याकाळी तेच पान शाई होऊन तिच्यापुढे आलं तेव्हा पाकोळी त्याच जागी उभी होती.

बाबा पेन्सिल इतकी दाबतात की पुसली तरी कागदावर चर राहतो. बारकीने पान दिव्याखाली तिरकं धरलं. उभ्या पायांच्या वर, कागदात, उडत्या पायांचा चर स्पष्ट दिसत होता. म्हणजे बाबांनी उडतेच पाय काढले होते. मग कुणीतरी ते पुसून उभे पाय काढले. आणि त्यानंतर आईने शाई फिरवली.

आईच असणार, बारकीने ठरवलं. दुसरं आहेच कोण?

आई ओट्याशी ब्रश पुसत होती. "आई, पाकोळीचे पाय..."

"हळू बोल!" आईने बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. मग बारकीला जवळ ओढून ती कुजबुजली, "तुलाही दिसलं ना? बाबा उतरवताहेत तिला खाली. आपली पोर एकदा तरी उभी दिसावी असं वाटलं असेल त्यांना. आणि रेघासुद्धा ताईसारख्या काढताहेत बघ, डाव्या. वर्षभर माणूस रडलं नाही गं. असं तरी रडू दे. तू मात्र विचारायला जाऊ नकोस."

बारकी बाहेर आली. बाबा टोक काढत बसले होते. तिने काही विचारण्याआधीच ते म्हणाले, "पाय बघितलेस ना?"

बारकीने मान हलवली.

"तुझी आई गं ती. आजवर माझ्या रेघेबाहेर केसभर गेली नाही. आता माझे पाय पुसून आपले काढते. मी म्हणतो, काढू दे. तिच्या मनाला तेवढाच विसावा. तू एक अक्षर बोलायचं नाहीस. शहाणी ना माझी बाय?"

बारकी शहाणी होती. तेच तिचं दुखणं होतं. ती दोघांच्या मधोमध बोळात येऊन उभी राहिली, एका हाताला बाबा, दुसऱ्या हाताला आई आणि समोर कडी घातलेलं दार.

५

आता तिला रोज संध्याकाळी ताईला पुसायचं होतं.

दुसरं कुणी तरी पुसणार, ही सोय नव्हती. पान छापायला जायचं तर पेन्सिल जायलाच हवी. ती शक्य तितकं हळू पुसायची. डावीकडे झुकलेली एकेक रेघ खोडरबराखाली विरघळायची आणि तिच्या जागी आईची शाई तेवढी उरायची, सुबक, काळी, कुणाचीही. पूर्वी बारकी रबराचा चुरा फुंकरीने उडवून द्यायची. आता तो ती ब्रशने गोळा करून एका डबीत भरू लागली. रेघ गेली तरी ती कुठेतरी त्या चुऱ्यात असेलच ना.

तिच्या खोडरबराचा चुरा पांढरा होता. म्हणून ताईच्या दाराच्या फटीशी तिला हिरवा चुरा दिसला तेव्हा ती खाली बसली.

तिने तो बोटावर घेतला. त्याला पुदिन्यासारखा वास होता. ताईचा खोडरबर हिरवा होता. बारकीनेच शाळेजवळच्या दुकानातून आणून दिलेला. ताई म्हणाली होती, "खायचाय का पुसायचाय हा?" तो आत, फळीवर राहिला होता.

जुना चुरा असेल. वाऱ्याने फटीतून बाहेर आला असेल. आतली खिडकी बंद आहे, मग वारा कुठला? जुन्या घरात वारा कुठूनही येतो. बारकीने स्वतःला असं नीट समजावलं, केरसुणी आणली आणि चुरा झाडून टाकला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथे होता.

त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती. आई मागे कपडे काढत होती, बाबा बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत डुलकी घेत होते. घरात उन्हाचा एक पट्टा बोळभर पडला होता. बारकी चुऱ्यापाशी ओणवी असताना तिला आवाज आला.

खस, खस, खस.

अगदी हलका. कागदावर रबर घासल्याचा. तो आवाज या जगात तिच्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता. खस, खस. मग थांबला. मग एक लहानशी फुंकर.

आणि दाराच्या फटीतून हिरवा चुरा तिच्या बोटांपर्यंत सरकत आला.

६

पानं पुढे जात राहिली आणि बारकीला आणखी एक गोष्ट दिसली. मागच्या खोल्या आता खालून पाहिलेल्या नव्हत्या. बाबा त्या खालूनच काढायचे, पण आईकडून येईपर्यंत त्या उभ्याने पाहिलेल्या असायच्या. टेबलाची वरची बाजू दिसायची. दारांच्या मुठी हाताशी आल्या होत्या. उभ्या माणसाला जग जसं दिसतं तसं.

आणि त्या खोल्या त्यांच्याच होत्या. टवका उडालेली फरशी, स्वयंपाकघराच्या खिडकीची तुटकी खिट्टी, बोळातला वाकडा खिळा.

एका पानावर पाकोळी खिडकीशी बसलेल्या एका बाईच्या मागे उभी होती. चौकटीत बाईचा चेहरा नव्हता, नुसती मागून दिसणारी मान आणि केस. अंबाड्यात खोचलेला ब्रश, कानामागे पांढरी बट. आईने त्या बटेवरून सुद्धा सावकाश, काळजीने शाई फिरवली होती. तिने ओळखलं नव्हतं. स्वतःची पाठमोरी मान कोण ओळखतं?

पुढच्या पानावर एक पुरुष टेबलाशी वाकून काहीतरी सोलत होता. पाकोळी त्याच्याही मागे. त्यानेही वळून पाहिलं नाही.

त्याच्या पुढच्या पानावर एक मुलगी दिव्याखाली बसली होती. पाठीवर एक वेणी आणि वेणीच्या टोकाला, बांगडीसारखं दुहेरी गुंडाळलेलं रबर. बारकीने हात मागे नेऊन आपल्या वेणीचं टोक चाचपलं. रबर दुहेरी गुंडाळलेलं होतं.

चित्रातल्या पाकोळीने हात पुढे केला होता, खांद्यावर ठेवण्यासारखा. ठेवला नव्हता.

बारकी कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. तिच्या मागे बोळ होता. मागे वळून बघावं, एवढंच करायचं होतं. एवढंच तिच्याने होईना. शेवटी तिने डोळे खाली घातले आणि पुसायला सुरुवात केली. पुसताना तिला रडू आलं आणि एक थेंब मुलीच्या वेणीवर पडून शाई जराशी फुटली.

७

"अहो, तुमची पाकोळी चालतेय कशी?" फोनवर संपादककाका इतक्या मोठ्याने बोलायचे की पलीकडच्या खोलीत ऐकू जायचं. "पंख काय धुवायला टाकलेत का?"

"दमली असेल," बाबा म्हणाले.

"दमली तर दमली. पण शेवटचं पान कुठाय? छापखाना माझ्या डोक्यावर बसलाय. उद्या सकाळी नाही मिळालं तर मी तिथे जाहिरात छापीन. साबणाची!"

बाबांनी फोन ठेवला. जेवणाची वेळ झाली होती. तिघं टेबलाशी बसली. आईने वाढलं आणि कुणी जेवेना.

"शेवटच्या पानाचा कागद मी कोराच ठेवलाय स्टुलावर," बाबा म्हणाले. "मला नाही जमत तिला उडवून देणं. तूच काढ. नाहीतरी तूच काढतेस हल्ली."

आईने वर पाहिलं. "मी? मी काय काढते?"

बारकीने कंपासपेटी जवळ ओढली.

"पाय," बाबा म्हणाले, अगदी मायेने. "मी काही म्हणत नाही. चांगले काढतेस. खोल्याही."

"मी आजवर पेन्सिल हातात तरी धरली आहे का? मी तुमच्या रेघांवरून शाई फिरवते."

"माझ्या नाहीत त्या."

"मग कुणाच्या?"

दोघांनी एकदमच बारकीकडे पाहिलं. बारकीला बोलायची सवय नव्हती. शाळेत हजेरीसुद्धा ती हात वर करून द्यायची. तिने कंपासपेटी उघडली, त्यातून एक कागदाची पुडी काढली आणि टेबलावर मोकळी केली. हिरवा चुरा. पुदिन्याचा वास ताटांवरून पसरला.

"दाराच्या फटीतून येतो," ती म्हणाली. "रोज."

बाबांनी चुऱ्याला बोट लावलं. आईने नाही लावलं. ती भिंतीकडे बघत होती आणि ज्या गोष्टीचा विषय नव्हता ती बोलली.

"त्या दुपारी घंटा वाजली होती."

"हो," बाबा म्हणाले.

"माझा ब्रश रेघेच्या मध्यात होता. मला वाटलं, तुम्ही जाल."

"मला वाटलं, तू गेलीस."

बारकीला हे कधीच कुणी सांगितलं नव्हतं. कडीला घंटा का बांधली होती, ते तिला आत्ता कळलं. पुन्हा वाजली तर आई धावणार होती. वर्षभर आई कान लावून शाई फिरवत होती.

आणि बोळात घंटा वाजली.

जोरात नाही. ताई वाजवायची तशी, एकदा, मग थांबून एकदा. कुणाला त्रास नको म्हणून.

तिघंही एकदम उठली.

८

आईच पुढे होती. तिने कडीला हात घातला तेव्हा घंटा अजून थरथरत होती. स्टुलावर कोरा कागद नव्हता.

दाराशी आई थबकली. बाबांचा हात तिच्या खांद्यावर होता. मग त्या दोघांच्या मागून बारकी बोलली. तिला दुसरं काही सुचलंच नाही. हे वाक्य तिने इतक्या पानांवर, संवादाच्या इतक्या फुग्यांमध्ये वाचलं होतं.

"ताई, तुझं काय राहिलंय?"

आईने कडी काढली.

दार उघडताच बारकीच्या गालाला थंड, पुदिन्याच्या वासाचा एक श्वास लागून गेला. चुरा उडवायला घालतात तशी फुंकर, पण हलकी. बस्स. आत पलंग होता, नीट घातलेली चादर होती, उशांत अजून खळगा होता. सगळ्या फरशीवर हिरवा चुरा पसरला होता, पातळ, शेवाळासारखा, आणि त्यात पलंगापासून दारापर्यंत वाट उमटली होती. एक पाऊल, मग ओढलेलं दुसरं. मध्ये एके ठिकाणी दोन्ही तळहातांचे ठसे. तिथे पडून पुन्हा उठलेलं होतं कुणीतरी. अशा वाटा बऱ्याच होत्या, एकावर एक. वर्षभर या खोलीत कुणीतरी चालायला शिकत होतं.

आई तिथेच खाली बसली आणि त्या हातांच्या ठशांवर तिने आपले हात ठेवले.

फळीवर शेवटचं पान होतं. बाबांनी ते उचललं, पण त्यांना ते धरवेना, म्हणून बारकीने दुसरी बाजू धरली. पानभर एकच चौकट होती. ही खोली, आतून पाहिलेली. दार उघडं. दारात तीन माणसं, एक बसायला झुकलेली बाई, तिच्या खांद्यावर हात ठेवलेला पुरुष, मागे वेणीवाली मुलगी. तिघांचेही चेहरे होते. तिघंही समोर बघत होती. इतक्या पानांत पहिल्यांदाच कुणी पाठमोरं नव्हतं.

पाकोळी कुठेच नव्हती. दारामागच्या खुंटीवर, घरी आलेल्या माणसाने कोट अडकवावा तसे, मोठे तपकिरी पंख टांगलेले होते.

तेवढ्यात त्यांच्या मागे, घराच्या पुढच्या दाराची बिजागरी करकरली.

बाबा पानाकडे बघत होते. आई फरशीकडे. बारकीला तिच्या पाठीवर तो बोळ पुन्हा जाणवला, तसाच, लांब आणि कुणीतरी असलेला. या वेळी ती वळली.

तिला एक टाच दिसली. उघड्या दाराबाहेर, जिन्याच्या वळणावर, फक्त एक टाच, गुलाबी, तान्ह्या मुलाच्या टाचेसारखी मऊ, जिला कधी भेग पडली नव्हती. ती उचलली गेली आणि दिसेनाशी झाली.

मग पावलं ऐकू आली. एका पायरीवर दोन्ही पाय. थांबणं. पुढच्या पायरीवर दोन्ही पाय. लहान मुलं उतरतात तशी.

आईने मान वर केली. तिने काही पाहिलं नव्हतं. तिने फक्त ऐकलं, आणि ती जागेवरूनच, दुसऱ्या कुठल्याही आईसारखी, जोरात ओरडली,

"कठडा धर गं! कठडा धरून उतर!"

पावलं थांबली. जिन्याच्या लाकडी कठड्यावर काहीतरी हलकेच टेकल्याचा आवाज झाला. आणि मग ती पुन्हा उतरू लागली, खाली, आणखी खाली, आणि रस्त्यावरच्या आवाजांत मिसळून गेली.

९

शेवटच्या पानावर आईने त्याच रात्री शाई फिरवली. एक केसभरही ती रेघेबाहेर गेली नाही. सकाळी शाई वाळलेलं पान बारकीपुढे ठेवलं गेलं. बाबा बाजूला उभे होते, न्यायला.

बारकीने खोडरबर उचलला. डावीकडे झुकलेल्या रेघा शाईखाली सगळीकडे होत्या, फरशीत, दाराच्या सावलीत, टांगलेल्या पंखांच्या एकेका पिसात, आईच्या चेहऱ्यावर. तिने खोडरबर पुन्हा पेटीत ठेवला आणि पेटी बंद केली.

बाबांनी पान घेतलं आणि गेले.

अंक छापून आला तेव्हा संपादककाका फोनवर कडाडले. "शेवटच्या पानावर नायिकाच नाही! आणि वर पान मळकं! पेन्सिल पुसायची राहिली तुमची!"

"राहिली नाही," बाबा म्हणाले. "ठेवली."

मळकं आहे खरं. ज्यांनी तो अंक घेतला असेल त्यांना वाटेल, छपाई बिघडली. काळ्या रेघांच्या आजूबाजूला राखाडी धुकं दिसतं, एवढंच. नीट बघितलं तर ते सगळं डावीकडे झुकलेलं आहे.

ताईच्या खोलीला आता कडी नाही. घंटा फळीवर आहे. फरशी आईने पुसून घेतली, कारण पुसायलाच हवी होती, आणि पुसताना ती हातांच्या ठशांपाशी बराच वेळ थांबली होती. आता तिथे चुरा पडत नाही. ती खस, खस ऐकू येत नाही. बारकीने पहिले काही दिवस रोज एक कोरा कागद स्टुलावर ठेवून पाहिला. संध्याकाळी तो दिव्याखाली तिरका धरला. त्यावर चरसुद्धा नव्हता.

कागद ठेवणं तिने सोडून दिलं. एक सवय तेवढी राहिली. बोळातून जाताना ती मध्येच थांबते आणि मागे वळून बघते, अगदी पूर्ण वळून.

कुणी नसतं.